कापूस माहा, मेंबर कोन?

घरात कापूस भरून ठेवला की दोन पाहुणे न बोलावता येतात, खाज आणि भांडण. सदाशिवरावांच्या घरी यंदा तिसरंही आलं होतं. गाणं.

त्याचं असं झालं. आदल्या साली कापसाला असा भाव चढला की ज्यांनी दिवाळीतच विकून टाकला ते कपाळ बडवत बसले, आणि ज्यांनी अजून चढेल म्हणून ठेवला ते भाव कोसळल्यावर बडवत बसले. त्यामुळे यंदा विकावा की ठेवावा हे कोणालाच कळेना. महागावच्या आसपास घरोघरी कापूस साठला होता. सदाशिवरावांनी मागची मोठी खोली भिंतीला भिंत लावून आढ्यापर्यंत भरली. घूस शिरली तर दिसावी म्हणून मधे दोन-तीन माणसं बसतील एवढी बोळ ठेवली आणि दाराला कडी घातली. "माणसायले पाय पसराले जागा नाई, अन् कापूस कसा जावयावानी झोपला हाये," असं विमलताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. स्वतःचे कोपर खाजवत सांगत.

या खोलीचा खरा गुण कळला तो त्यांच्या मुलाला, गोपालला. गोपालचं महागावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मुलगा हुशार, हाताला यश, पण मूग गिळून बसलेला. बापाशी त्याचं बोलणं म्हणजे "जेवला?" आणि "हो". तर हा गोपाल घूस पाहायला बोळीत शिरला, तेवढ्यात फोन वाजला, तो "हॅलो" म्हणाला आणि दचकला. आपलाच आवाज त्याला कोणीतरी कानाला तोंड लावून बोलल्यासारखा ऐकू आला. टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. भिंतीवर आपटून परत काही आलंच नाही. फोन ठेवून त्यानं दुसरा फोन लावला तो मैत्रेयीला.

"मैत्रे, आमच्या घरी ये. माइक घेऊन ये."

मैत्रेयी म्हणजे पंजाबरावांची पोरगी, गोपालच्या वर्गातली. महागावात कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची, आणि क्लास सुटला की 'घरचं गाणं' चालवायची. 'घरचं गाणं' ही इंटरनेटवरची जागा. तिथं कंपनीचं, सिनेमाचं, बँडबाजाचं काही नाही. माणसानं स्वतः रचलेलं किंवा घरात, वावरात, तांड्यावर गातात ते, स्वतःच्या तोंडानं गाऊन तिथं ठेवायचं आणि दुसऱ्यांचं ऐकायचं. सुरुवातीला ती सगळ्यांना खुली होती. मग पंजाबरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गायन पार्टीत बसवलेलं स्वतःचं जयंतीचं गाणं कोणीतरी तिथून उचललं, त्याखाली धडामधुडुम ताल घातला आणि दुसऱ्याच्या नावानं मोबाइलच्या दुकानांतून वाटलं.  त्या वर्षी पंजाबरावांनी पेटी उघडलीच नाही. त्याच आठवड्यात मैत्रेयीनं साइटला कुलूप घातलं.

तेव्हापासून नियम एकच होता. आधी गाणं द्या, मग ऐका. जुन्या मेंबरानं ओळख दिली पाहिजे, आणि स्वतःचं गाणं दिलं पाहिजे. नुसता कान घेऊन येणाऱ्याला दार बंद, आणि आत आल्यावर महिनोन्‌महिने गप्प बसला तर बाहेर. या नियमापायी तिनं पुण्याच्या अतुलला बाहेर काढलं होतं. अतुल तिचा सख्खा आतेभाऊ. त्याची आई, म्हणजे शीलाआत्या, तेव्हापासून फोनवर फक्त "सगळे बरे हायेत ना" एवढंच विचारी. मैत्रेयीला वाईट वाटे, पण नियम म्हणजे नियम. आपला तो बाब्या करायला लागलं की संपलंच, असं ती म्हणे.

कापसाच्या खोलीनं 'घरचं गाणं'चं नशीबच उघडलं. एरवी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे पिठाची गिरणी, कोंबडा, टीव्ही, कुत्रं, सगळी मंडळी गाण्यात हजर. इथं दुपारचं भारनियमन सुरू झालं की गाव गप्प होई. उरलासुरला आवाज कापूस खाऊन टाकी. बॅटरीवर लॅपटॉप, मधे माइक, आणि गाणारा. तांड्यावरच्या हंसाबाईंनी त्या खोलीत लग्नातलं मुलीच्या निरोपाचं गाणं म्हटलं तेव्हा त्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. फक्त एक आवाज तेवढा उरला. कापसात बसलं की अंग खाजतं, आणि खाजवल्याशिवाय कोणाला राहवत नाही. मस्कतहून एका मेंबरानं विचारलं, "गाण्यामागं ते खरर-खरर वाजतंय ते वाद्य कोणतं? फार गोड लागतंय." मैत्रेयीनं उत्तर दिलं, "ते आमच्याकडचं हिवाळी वाद्य आहे." यावर गोपाल हसला. महिन्यातून एकदा तो हसे.

असं सगळं छान चाललेलं असताना होळीच्या सुमारास भाव थोडा वर सरकला आणि सदाशिवरावांनी जाहीर केलं, "गुरुवारी मेटाडोर येते. कापूस मोकळा करून टाकतो."

मैत्रेयी बुधवारी सकाळीच त्यांच्या अंगणात हजर झाली. हंसाबाईंचं आणखी एक गाणं राहिलं होतं, मारेगावची एक पार्टी यायची होती. विमलताईंनी चहा आणला. सदाशिवराव खाटेवर बसून पायाला तेल लावत होते.

"काकाजी, आठ दिवस थांबा ना. भाव अजून चढते म्हंतात."

"मागच्या सालीबी असंच म्हनत होते," सदाशिवराव म्हणाले. "अन् कायले थांबू? माह्या घरात गाणे होऊन राह्यले, अन् मले एक शब्द आयकू येत नाई. दाराले कान लावून बसलो, तरी नाई. त्या कापसानं आतल्या आतच सारं गिळलं."

"ते तर..."

"गोप्याले म्हनलं, त्या कॉम्पुटरवर आयकव. तर म्हनते, फक्त मेंबरायलेच आयकता येते." त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "आता तूच सांग. कापूस माहा. खोली माही. घरटॅक्स मी भरतो. मंग मेंबर गोप्या कायचा?"

मैत्रेयीच्या हातातला कप तसाच राहिला.

कारण म्हाताऱ्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. गोपालनं आजवर एकही गाणं दिलेलं नव्हतं. तो रेकॉर्डिंग करी, आवाज साफ करी, साइट बंद पडली तर उठवी. पण गा म्हटलं की "मले नाई येत" म्हणून मान खाली घाली. खोली मिळाली त्या आनंदात मैत्रेयीनंच त्याला मेंबर करून टाकलं होतं, खोलीच्या बदल्यात. अतुलला ज्या नियमानं बाहेर काढलं, तो नियम तिनं गोपालसाठी गुपचूप गुंडाळून ठेवला होता. आणि आता कळत होतं की ज्याच्या बदल्यात मेंबर केलं ती खोलीसुद्धा त्याची नव्हती. करायला गेली काय आणि झालं काय. गोपालला काढावं तर साइटचे हातपायच गेले. ठेवावा तर शीलाआत्याला कोणत्या तोंडानं "बरे हायेत" म्हणायचं? आणि सदाशिवरावांना तसंच आत घ्यावं तर कुलूप लावलं कशाला?

"काकाजी," ती म्हणाली, "तुमचं बरोबर हाये. पन गाणं द्यावं लागते. सगळ्यायलेच."

"मले गाणं येत नाई. भजनात झांज घेतो तर तेबी लोक हातातून काढून घेतात." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मले बाकीच्यायचं नाई आयकाचं वो. माहा पोट्टा आत जाऊन काय गाते, तेवढं आयकाचं हाये. घरात तर तोंड उघडत नाई. कापसात गात असंन."

 गोपाल आत गात नव्हता, तो आत इतरांचं गाणं धरून ठेवायचा, हे या माणसाला कोणी आणि कसं सांगावं? महिनोन्‌महिने हा बाप दाराला कान लावून बसला होता, जे आत नव्हतंच ते ऐकायला. मैत्रेयीला फार वाईट वाटलं. गोपाल ओसरीच्या खांबाशी वायर गुंडाळत उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

कोंडी फोडली ती विमलताईंनी. आतून परात घासता घासता त्या म्हणाल्या, "गाणं नाई येत म्हंते! जागलीवर मचानावरून रातभर कोन वरडत होतं मंग? गावाले झोपू देत नव्हते."

"ते काय गाणं हाये?"

"तोंडानंच करत होते ना? सिनेमातलं होतं काय?"

मैत्रेयीनं कप खाली ठेवला. तिच्या नियमात सुराचा, तालाचा कुठं उल्लेखच नव्हता. स्वतःचं पाहिजे आणि स्वतःच्या तोंडानं पाहिजे, एवढंच होतं.

"चालते," ती म्हणाली. "काकाजी, लाइन गेली की आपन आत बसू."

"हॅट," सदाशिवराव म्हणाले. पण दुपारी लाइन गेली तेव्हा ते धुतलेला सदरा घालून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून खोलीच्या दाराशी उभे होते.

बोळीत तिघं बसली. गोपालनं कानाला हेडफोन लावला आणि मशीनवर वाकला. सदाशिवराव आधी खाली बसले, मग म्हणाले, "खाली बसून नाई होत," आणि कापसाच्या ढिगावर चढून पाय सोडून बसले, मचाणावर बसावं तसे. मैत्रेयीनं माइक वर धरला. म्हातारबाबांनी इकडंतिकडं पाहिलं. घसा खाकरला. मांडी खाजवली. आणि मग त्यांनी तळवा गालाशी धरला आणि हाक दिली.

"होऽऽऽ हाऽऽऽर्र... होऽऽऽ!"

गोपालनं घाईघाईनं आवाजाची पट्टी खाली ओढली.  एवढ्याशा छातीत एवढा आवाज असेल असं कोणाला वाटलं नसतं. आणि तो आवाज कुठं आपटला नाही, घुमला नाही. सरळ निघून गेला.

सदाशिवराव चकित होऊन समोरच्या पांढऱ्या ढिगाकडं पाहत राहिले. "लेका, वावरात आल्यावानी वाटून राह्यलं," ते हळूच म्हणाले. "भित्तच नाई."

त्यांनी पुन्हा हाक दिली. या वेळी डोळे मिटून, आणखी लांब. हाक संपली तसा त्यांचा दुसरा हात आपोआप कानामागं गेला, आणि ते वाट पाहू लागले.

ते काय करतायत हे मैत्रेयीला लगेच कळलं. तिच्या वडिलांनी तिला कितीदा सांगितलं होतं. ज्वारी होती तेव्हा रानडुकरांसाठी रात्रीची जागल असे, शेजारीपाजारी प्रत्येकाच्या वावरात एक मचाण. एकानं हाक दिली की धुऱ्यापलीकडच्यानं, बांधाच्या त्या बाजूच्यानं, उत्तर द्यायचं. डुकरं पळायची ती पळायची, पण खरं काम दुसरंच होतं. उत्तर आलं म्हणजे पलीकडचा माणूस जागा आहे, बरा आहे. उत्तर नाही आलं तर पुन्हा हाक द्यायची, आणि तरीही नाही आलं तर काठी-कंदील घेऊन खाली उतरायचं आणि पाहायला जायचं. पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, ताप भरला असेल, काहीही. सदाशिवरावांच्या धुऱ्यापलीकडं पंजाबरावांचं वावर होतं. एकदा सदाशिवराव असेच उतरून गेले होते म्हणून पंजाबराव वेळेवर दवाखान्यात पोचले होते. मग ज्वारी गेली, जिकडंतिकडं कापूस आणि सोयाबीन झालं, डुकरांसाठी झटक्याच्या तारा आल्या, आणि मचाणं मोडून चुलीत गेली.

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. कापसानं गावसुद्धा पुसून टाकलं होतं. सदाशिवरावांनी तिसऱ्यांदा हाक दिली. कान दिला. डोळे मिटलेलेच. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी एक पाय खाली टाकला, उतरायला.

"हाऽऽऽ होऽऽ... होऽऽऽ!"

हाक कोपऱ्यातून आली. सुरुवातीला चिरकी, गंजलेल्या कडीसारखी, आणि मग मोकळी. गोपाल गुडघ्यांवर उभा होता. हेडफोन गळ्यात आला होता, हात गालाशी होता, आणि तो बापाकडं पाहत नव्हता. समोरच्या कापसाकडं पाहत होता.

सदाशिवरावांचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो सावकाश वर घेतला. पुन्हा हाक दिली. पुन्हा उत्तर आलं. असं काही वेळ चाललं. मैत्रेयीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण एका हातात माइक होता आणि दुसऱ्या हातानं ती खाजवत होती.

शेवटी सदाशिवराव थांबले. दम लागला होता.

"तू कधी शिकला बे?"

"तुमच्या पायथ्याशीच झोपत होतो ना मचानावर," गोपाल म्हणाला.

"तू तं झोपून जात होता."

"नाई झोपत होतो." गोपालनं मशीनचं एक बटण उगाच पुसलं. "तुमची हाक झाली की पंजाबकाकाच्या उत्तराची वाट पाहत होतो. उत्तर नाई आलं तर तुमी उतरून जासान, अन् मी एकटाच राहीन, असं भेव वाटे. उत्तर आलं की मंग झोपत होतो."

एका दमात गोपाल एवढं बोलला, हीच त्या दुपारची सगळ्यात मोठी बातमी होती.  सदाशिवरावांनी रुमाल सोडून तोंड पुसलं आणि कापूस डोळ्यात गेला म्हणाले. मैत्रेयी मात्र मनातल्या मनात नाचत होती. गाणं एक, पण तोंडं दोन. दोघांचं स्वतःचं, दोघांच्या तोंडचं. नियमाला धक्का नाही आणि गोपालची मेंबरकी आता खरी. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं ते घरी पंजाबरावांना ऐकवलं. पंजाबराव खाटेवर पडून ऐकत होते. तिसऱ्या हाकेनंतरची ती शांतता आली, आणि गोपालचं उत्तर यायच्या आत पंजाबराव ताडकन उठून बसले आणि त्यांनीच उत्तर दिलं. पूर्ण दमात. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरची बाई दारात येऊन पाहून गेली. मग लॅपटॉपमधून गोपालचा आवाज आला.

"लय येळ लावला पोट्ट्यानं," पंजाबराव म्हणाले. "मी असतो तं सदाशिवले पाय खाली टाकू देल्ला असता काय?" आणि त्यांनी कोपऱ्यातली पेटी पुढं ओढली आणि भात्यावरची धूळ फुंकली.

साइटवर पुढं थोडी कुरबुर झालीच. कोणी लिहिलं, याला चाल कुठं आहे, हे गाणं कसं? हंसाबाईंच्या नातवानं त्यांचं उत्तर टाइप केलं, "चाल नाई दिसली तं एकदा रातच्या वावरात जाऊन बसा." कुरबुर तिथंच मिटली. आणि अतुलनं पुण्याहून मैत्रेयीला फोन केला. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. इमारतीच्या गच्चीवर जाऊन त्यानं मामाच्या वावरातली हाक दिली होती, खालच्या मजल्यावरचे लोक चोर आला म्हणून वर धावले होते, आणि ते सगळं त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं. मैत्रेयीनं त्याला परत आत घेतलं. दुसऱ्या दिवशी शीलाआत्यांनी फोनवर लोणच्यापासून लग्नापर्यंत सगळं विचारलं.

त्याआधी, लगेच दुसऱ्या दिवशी गुरुवारी, मेटाडोर आला आणि ठरल्याप्रमाणे कापूस गेला. विमलताईंनी खोली दोनदा झाडली, शेणानं सारवली आणि त्या रात्री पाय पसरून झोपायचं ठरवलं. मैत्रेयीला वाईट वाटायचं तेवढं वाटलं नाही. पुढच्या दिवाळीला कापूस पुन्हा येणारच होता, आणि भाव असाच राहिला तर खोलीतही भरला जाणारच होता. कोणाचं दुःख कोणाच्या पथ्यावर पडेल काही सांगता येत नाही.

कापूस विकून सदाशिवराव सरळ तिच्या क्लासवर आले. अंगावर अजून कापसाचे पुंजके होते. मुलं नुकतीच गेली होती.

"झालो ना मेंबर?"

"झाले, काकाजी." तिनं त्यांना खुर्ची दिली, हेडफोन रुमालावरून नीट बसवून दिला आणि हंसाबाईंचं गाणं लावलं. सदाशिवराव मान हलवत ऐकत राहिले. मग तिनं पंजाबरावांचं लावलं. तेही त्यांनी ऐकलं. "मस्त गाते पंजाब," ते हेडफोनमुळं फार मोठ्यानं म्हणाले. "आता गोप्याचं लाव."

मैत्रेयीनं कालचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली हाक झाली तसे सदाशिवराव चुळबुळले.

"हे तं माहं हाये."

"त्याचंबी त्यातच हाये, काकाजी. त्याचं तेवढंच हाये."

 तेवढंच म्हणजे काय, हे त्यांना समजलं असावं. दाराला कान लावून बसलेले सगळे दिवस त्यांच्या चेहऱ्यावरून गेले, पण ते रागावले नाहीत. पुन्हा कान देऊन बसले. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. शांतता आली. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा हात कानामागं गेला. मग उत्तर आलं, आणि त्यांचे खांदे सैल पडले.

संपलं तेव्हा त्यांनी हेडफोन काढला नाही.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "माही हाक नोको. तिच्या पुढचं."

मैत्रेयीनं पुढचं लावलं.